घुमटाच्या स्विचवरचं माझं कुलूप

आई कपडे धुवायला घेण्याआधी सगळ्यांचे खिसे चाचपते. बाबांच्या खिशात तिला तंबाखूची पुडी सापडते, दादाच्या खिशात सोयाबीनचे दाणे. त्या दिवशी तिनं माझं जॅकेट घेतलं आणि खिशातून चावी काढली. लहानशी पितळी चावी, लाल बिल्ल्याला अडकवलेली.

"हे कायची चावी वो? तुह्या पेटीची हाये का?"

मी ओसरीवर चहा पीत बसले होते. चावी पाहिली. कप खाली ठेवला तोसुद्धा अर्धा बशीत सांडून.

"आई, ते इकडं दे. आत्ताच्या आत्ता दे."

"घे माय, मले काय करायची हाये!" असं म्हणून तिनं चावी माझ्या हातावर ठेवली आणि जॅकेट बादलीत बुडवलं. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

सांगते. न सांगता कोणाला कळायचं नाही की एवढ्याशा चावीनं माणसाच्या तोंडचं पाणी कसं पळतं.

मी अनसिंगची. वाशीमला आयटीआय केलं, फिटरचा ट्रेड. पुढं डिप्लोमा केला, दोन कारखान्यांत नोकरी केली आणि दोन्हीकडं सुपरवायझरशी माझं वाजलं. डोकं तापट आहे माझं, ते मी नाकारत नाही. मग एका जाहिरातीवरून अर्ज केला आणि हिमालयातल्या एका वेधशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले, करारावर. लोकांना वाटतं मी तारे पाहते. अहो, कुठले तारे! रात्री तारे पाहणारे वेगळे. आम्ही दिवसा त्यांची यंत्रं ठीक ठेवणारे. ग्रीस, बोल्ट, बेअरिंग, मोटर, जनरेटर, गोठलेले पाण्याचे पाइप. वर झाड नाही, गवत नाही. जिना चढताना मधे दोनदा थांबून श्वास घ्यावा लागतो, आणि डाळ शिजवायची तर कुकरच्या शिट्ट्या मोजणंच सोडून द्यावं लागतं. थंडीत उघड्या हातानं पाना धरला तर हाताला चिकटतो.

आणि अशी ती जागा मला जीव की प्राण होती. का, ते एका वाक्यात सांगता येईल. तिथं मला कोणी "बाई आहेस, बाजूला हो" असं म्हणालं नाही. पाना दिला आणि काम सांगितलं. माझा करार दिवाळीनंतर पुढं वाढवायचा की नाही ते ठरणार होतं, आणि गेले कित्येक महिने मी देवापाशी दुसरं काही मागितलं नव्हतं.

आता कुलपाचं. दुर्बिणीवर गोल छप्पर असतं, त्याला आम्ही घुमट म्हणतो. दुर्बीण जिकडं वळेल तिकडं घुमट फिरतो. खाली रूळ, रुळावर चाकं, चाकांना मोटर. चाकांना ग्रीस करायचं तर चाकं आणि भिंत यांच्या फटीत आडवं होऊन शिरावं लागतं. त्या वेळी कोणी बटण दाबलं तर आतल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून शिरण्याआधी मोटरचा मोठा स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. प्रत्येकाचं वेगळं कुलूप, त्यावर मालकाचा फोटो, आणि चावी एकच. कुलूप स्विचवर आहे म्हणजे माणूस आत आहे. काम पूर्ण झालं, बाहेर आलो, की कुलूप काढून चावी कंट्रोल रूममधल्या हुकवर आपल्या नंबराखाली टांगायची. चावी हुकवर आहे म्हणजे काम झालं. दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावायचा नाही. अगदीच अडलं तर मालकाचा आवाज स्वतःच्या कानानं ऐकायचा, आत काय राहिलंय ते विचारायचं, मगच तोडायचं. या नियमाशी जो खेळेल तो डोंगराखाली. गेल्या वर्षी एका इलेक्ट्रिशियनला मी असा खाली जाताना पाहिलेला. चांगला हुशार माणूस. दुसऱ्याचं कुलूप त्यानं दोन मिनिटांसाठी तारेनं उघडलं होतं, काही बिघडलंही नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी त्याचं बोचकं गाडीत.

आणि माझं कुलूप, माझ्या फोटोसकट, तिथं स्विचवर लटकत होतं. आणि मी अनसिंगला चहा पीत होते!

हे झालं कसं? रजेवर निघायच्या दिवशी सकाळी मी घुमटाच्या चाकांचं काम काढलं होतं. गाडी दुपारी येणार होती. दोन नंबरच्या चाकाचं झाकण उघडून ग्रीस भरलं, झाकण परत बसवलं, सहापैकी चार बोल्ट लावून आवळले, दोन लावायचे राहिले. तेवढ्यात खाली हॉर्न. ड्रायव्हर ओरडत होता, "खिंडीत बर्फ सुरू झालाय, यायचं असेल तर आत्ता, नाहीतर पुढच्या आठवड्यात." मी फटीतून बाहेर आले. मनात म्हटलं, कोणाला तरी सांगते, दोन बोल्ट राहिलेत. आमचे मुख्य तंत्रज्ञ, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, ते रात्रपाळी करून झोपले होते. माझ्या जोडीचा दुसरा तंत्रज्ञ जनरेटरच्या शेडमध्ये होता. बॅग उचलली, हॉर्न पुन्हा वाजला, धावले, बसले. गाडीत विचार केला, खालच्या गावात पोचले की फोन करते. खाली पोचले आणि विसरले. दुसरं कारण नाही. घरी जायची घाई डोक्यात होती, बस. चार दिवस प्रवास करून मी घरी आले आणि चार दिवसांत मला ते कुलूप एकदाही आठवलं नाही. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तरी मला वाटलं, कुलपामुळं काही अडलं असतं तर त्यांनी फोन केला नसता का? मी ओसरीवरून आत ओरडले, "बाबा, चार दिवसांत कोणाचा फोन आल्ता का माह्यासाठी?"

बाबा बाहेर आले. चेहऱ्यावर मोठा पराक्रम. "फोन नाई, पण एका फ्रॉडवाल्याचा आल्ता. तीनदा आल्ता लेकाचा. हिंदीत बोलून राह्यला होता. आपकी लडकी घर पहुंची क्या, उससे बात कराओ. म्या म्हटलं, तू कोण बे? तं म्हणे, लडकी का ताला. ताल्याचं काहीतरी. म्या लगेच वळखलं. परवाच गावात पोलिसानं सांगतलं, पोरीचं नाव घेऊन फोन आला का समजायचं फ्रॉड. देल्ली एक शिवी, अन् नंबर ब्लॉक केला."

"बाबा! तो माह्या ऑफिसचा फोन होता!"

"मंग तसं सांगाव ना त्यानं!"

आता यात बाबांचं तरी काय चुकलं? तिकडच्या नियमानं वरचं प्रीपेड सिम इकडं चालत नाही आणि इकडचं वर चालत नाही, म्हणून माझ्याकडं दोन सिमं. दिल्लीला उतरले की मी सिम बदलते. ऑफिसात माझा वरचाच नंबर, आणि अडचणीच्या वेळी म्हणून बाबांचा. अडचण आली, त्यांनी बाबांना फोन केला, बाबांनी शिवी दिली. तरीसुद्धा मी बाबांवर तोंड सोडलं. इतकी वर्षं शेतीचे व्यवहार करता, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायला काय होतं, वगैरे वगैरे. आई कपडे आपटता आपटता म्हणाली, "बापावर काहून वरडून राह्यली? चावी काय त्याच्या खिशात होती?"



मी बाबांच्या फोनमधून तो नंबर काढला आणि माझ्या फोनवरून लावला. डोंगराच्या पायथ्याशी गाव आहे, तिथं आमचं ऑफिस आणि ऑफिसात एक कारकून. भला माणूस. तो हिंदीत बोलला, मी इथं मराठीत लिहिते. माझा आवाज ऐकून तो आधी देवाचं नाव घेऊन मोकळा झाला आणि मग सगळं सांगू लागला.

मी निघाले त्या संध्याकाळी उस्ताद उठून घुमटाकडं गेले तर स्विचवर माझं कुलूप. मला गाडीत बसताना कोणी पाहिलं नव्हतं. मी रजेवर जाणार होते हे माहीत होतं, पण कुलूप म्हणत होतं की बाई आत आहे. मग वरची सगळी माणसं टॉर्च घेऊन चाकांच्या फटीत शिरली. माझ्या नावानं हाका मारत पूर्ण गोल घुमट रांगून पाहिला. उस्तादांचे गुडघे वर्षानुवर्षं दुखतात, जिना उतरताना ते कठडा धरतात. तेही रांगले. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर ऑफिसात आला तेव्हा कळलं की बाई तर विमानात बसलीसुद्धा.

"मग कुलूप तोडलं ना?" मी विचारलं.

"कसं तोडणार? तुमचा आवाज कुठं ऐकला? उस्ताद म्हणाले, बाई खाली गेली ते कळलं, पण आत काय सोडून गेली ते कोण सांगणार? चार रात्री घुमट बंद आहे, आणि पहिल्या दिवशीचा बर्फ थांबल्यावर चारही रात्री आकाश एकदम साफ. बाहेरून एकजण ताऱ्यांच्या निरीक्षणाला आलाय, तो नुसता चहा पितोय."

उस्तादांशी आत्ता बोलता येईल का, असं विचारलं. तर नाही. बर्फानं वरची लाइन तुटलेली. सॅटेलाइटचा एक फोन तेवढा आहे, तो सकाळी दहाला सुरू करतात आणि लगेच बंद करतात. आजची वेळ टळून गेली. उद्या दहाला ते मला थेट फोन करतील. पण आज अकराला रेशनची गाडी वर जातेय, तिच्यासोबत माझा हा नंबर आणि निरोपाची चिठ्ठी देता येईल.

आणि मग तो कारकून, माझं भलं व्हावं म्हणून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "बहनजी, चावी तुम्ही हुकवर ठेवली होती ना? घाईत कुलूप काढायचं तेवढं राहिलं असेल. तसं असेल तर तसंच लिहितो. मग तुमच्यावर फारसं येणार नाही. हुकवरच्या चाव्या तुमच्या जोडीदाराच्या ताब्यात असतात, तो शोधेल."

चावी माझ्या डाव्या मुठीत होती. इतकी घट्ट धरली होती की तिचे दात तळव्यात रुतले होते.

"हो," मी म्हणाले. "हुकवर ठेवली होती."

"बस, मग काळजी करू नका," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी काही जन्मजात खोटारडी नाही. पण त्या क्षणी मला ते इलेक्ट्रिशियनचं गाडीतलं बोचकं दिसलं आणि तोंडातून हो निघून गेलं. इतकं सोपं होतं ते. जोडीदाराचा विचार मनात आला नाही असंही नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. म्हटलं, त्याची नोकरी पक्की आहे, तिथल्याच गावचा माणूस आहे, त्याला दोन शब्द बोलतील आणि सोडून देतील.

त्या दिवशी आईबरोबर रिठदला मावशीकडं जायचं ठरलेलं होतं. मी नाही म्हटलं तर आई म्हणाली, "चार महिन्यांनी आली, अन् मावशीले तोंड नाई दाखवत? उठ." उठले. अनसिंगहून वाशीम, वाशीमला स्टँडवर दुसरी गाडी. रस्त्याच्या कडेनं सोयाबीन वाळत घातलेलं, थ्रेशरची धूळ खिडकीतून आत. आई शेजारच्या बाईशी बोलत होती आणि मी मनाशी माझं खोटं पुन्हा पुन्हा तपासत होते, कुठून फुटेल ते. वाशीम सोडून अर्धा तास झाला असेल, तेव्हा एकदम डोक्यात आलं, आणि मी सीटवरून जवळजवळ उठलेच.

चावी हुकवर म्हणजे काम पूर्ण! मी नुसतं चावीबद्दल खोटं बोलले नव्हते. मी त्यांना सांगून बसले होते की घुमट ठीक आहे, खुशाल फिरवा. आणि आत दोन नंबरच्या चाकाच्या झाकणाला दोन बोल्ट नाहीत. घुमट फिरला की झाकण सैल होणार, चाकाखाली येणार. आवाज झाला म्हणून कोणी पाहायला हात घातला, तर हात गेला.

"काय झालं वो? मळमळून राह्यलं का?" आईनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. त्या दिवसातलं दुसरं हो. पण हे खरं होतं.

रिठदला मावशीच्या घरात रेंज नाही. रेंज फक्त स्लॅबवर, तीही एका कोपऱ्यात. मी चप्पलही न काढता शिडी चढले. वर सोयाबीन पसरलेलं, त्यातून पाय टाकत कोपऱ्यात गेले आणि कारकुनाला फोन लावला. रेशनची गाडी निघून तास झाला होता. ड्रायव्हरचा फोन रेंजच्या बाहेर.

"त्यांना म्हणावं, माझ्याशी बोलल्याशिवाय कुलूप तोडू नका."

"तसा नियमच आहे, बहनजी. उस्ताद आवाज ऐकल्याशिवाय तोडत नाहीत. पण आता तुमची चिठ्ठी गेलीय की काम पूर्ण झालं, आणि रात्री फुकट चालल्यात. पाहू काय करतात. का, काही अडचण आहे?"

आत्ता सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की चावी माझ्याजवळ आहे आणि बोल्ट राहिलेत. "नाही, असंच," मी म्हणाले. त्यानं ठेवला. मी त्या सोयाबीनमध्ये मटकन खाली बसले आणि स्वतःला अशा शिव्या घातल्या, ज्या बाबांनीही त्या कारकुनाला घातल्या नसतील.

खाली मावशीनं शेजारच्या चार बायका जमवल्या होत्या. "हे माही भाची," ती सांगत होती. "डोंगरावरचं ते मोठं यंत्र हिच्याशिवाय फिरत नाई." बायकांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. खरंच होतं की. चार दिवस फिरलं नव्हतं! एकीनं विचारलं, पोरीच्या जातीले एवढ्या दूर भेव नाई वाटत? मी म्हटलं, तिथं नाही वाटत. मावशीनं पुरणपोळी केली होती. मला एक घास उतरला नाही. ती रुसली, म्हणाली, "आता डोंगरावरचं खाऊन खाऊन आमचं गोड लागत नाई बाईले." आई माझ्याकडं पाहत होती. परतीच्या गाडीत तिनं एवढंच विचारलं, "चावीचंच हाये ना?" मी मान हलवली.

घरी आल्यावर दादाला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे हुकवरचं सोडून. दादाचा स्वभाव मोकळा. "एवढं कायले टेन्शन घेते? चावी फेक विहिरीत. हरपली म्हण. कोण पाह्यले येते इथं?" त्याच्या दृष्टीनं तो मला सोडवत होता. मी चावी कपाटात ठेवली, मग उशीखाली ठेवली, मग परत मुठीत घेतली. विहिरीपर्यंत गेले नाही, पण विचार केला, आणि चांगला बराच वेळ केला. कारण एक चावी विहिरीत गेली की माझी जागा वाचत होती. उद्या उस्तादांना बोल्टचं तेवढं सांगायचं, की अरे हो, दोन राहिले होते, आता आठवलं. चावीचं जोडीदार पाहून घेईल. सगळं जुळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासूनच मी फोन हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारायला लागले, तेव्हाही ते सगळं जुळतच होतं.

दहा वाजून पाच मिनिटं झाली. फोन नाही. दहा मिनिटं झाली. मला वाटलं, तोडलं त्यांनी. तोडलं, घुमट फिरवला, आणि काहीतरी झालं. बाबा दारात उभे होते. कालपासून ते माझ्याशी जपून बोलत होते. "म्या बोलू का त्यांच्याशी? गलती झाली म्हणतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, तुमची नाई गलती." तेवढ्यात वाजला.

सॅटेलाइटच्या फोनवर आपलं बोलणं पोचायला वेळ लागतो. आपण बोलतो, मग शांतता, मग उत्तर. उस्तादांनी आधी माझं नाव घेतलं, पूर्ण नाव, नियमाप्रमाणे. कुठं आहेस, विचारलं. अनसिंगला, घरी, मी सांगितलं. तब्येत ठीक आहे? ठीक आहे.

"तुझी चिठ्ठी मिळाली," ते म्हणाले. "चावी हुकवर नाही. तुझ्या जोडीदाराच्या ताब्यात हुक असतो म्हणून हा काल दुपारपासून शोधतोय. कंट्रोल रूमच्या फरश्यांच्या फटी पाहिल्या, कचऱ्याचे डबे उलटे केले, बाहेर बर्फ चाळला. झोप म्हटलं तर झोपला नाही. म्हणतो, बाईनं ठेवली म्हणजे ठेवली, माझ्याच हातून पडली असणार. आता तू नीट आठवून सांग. हुकवर ठेवताना कोणी पाहिलं होतं का?"

मी त्याला चांगली ओळखत होते, माझ्या त्या जोडीदाराला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, दोन पोरांचा बाप, तरी मला दीदी म्हणायचा. पहिल्या महिन्यात मला श्वास लागायचा तेव्हा माझी हत्यारांची पेटी न बोलता स्वतः वर न्यायचा. बाईनं ठेवली म्हणजे ठेवली! माझ्या नुसत्या शब्दावर तो उघड्या हातांनी बर्फ चाळत होता.

"उस्ताद," मी म्हणाले, "चावी माझ्याजवळ आहे."

शांतता. ती फोनची होती की त्यांची, कळलं नाही.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. हुकवर ठेवलीच नव्हती. मी खोटं सांगितलं. आणि काम पूर्ण नाही. दोन नंबरच्या चाकाच्या झाकणाचे दोन बोल्ट लावायचे राहिलेत. बोल्ट तिथंच डाव्या बाजूला कापडात बांधून ठेवलेत."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते नियमाचं पुढचं बोलले. "आत दुसरं काही? हत्यार, बादली, ग्रीसचा डबा?" नाही. "आत माणूस नाही, हे तू सांगतेस?" सांगते. "कुलूप तोडायला तुझी परवानगी आहे?" आहे. मग त्यांनी कोणाला तरी सांगितलं, आधी तुझं कुलूप लाव, मग हिचं तोड. मी कानाला फोन लावून अंगणात उभी होते. बाबा, आई, दादा, सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. थोड्या वेळानं उस्ताद म्हणाले, "तोडलं."

"माझं काय होईल, उस्ताद?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण दुसरं काही सुचेना.

"कुलूप विसरलीस, त्यासाठी मी तुझ्यासाठी भांडलो असतो," ते म्हणाले. "माझ्या हातूनही एकदा झालंय. पण तू चावी हुकवर आहे म्हणालीस. उद्या तू फटीत असशील, किंवा तुझ्या शब्दावर हा फटीत असेल. आता मी कोणाला कसं सांगू, हिच्या शब्दावर आत शिर? तुझं सामान पुढच्या गाडीनं खाली पाठवतो."

हो, एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. मी रडायला लागले तेही त्यांनी ऐकून घेतलं, फोनची बॅटरी जात असताना. मग म्हणाले, "हा आत्ता घुमटाकडून आला, याला मी काही सांगितलेलं नाही. तू सांग." आणि फोन त्याच्या हातात दिला.

"दीदी!" तो म्हणाला. दमलेला आवाज, पण खुशीत. "चावी मिळाली ना? कुठं होती?"

मी सांगितलं. माझ्या खिशात होती, आणि ते मला काल सकाळीच माहीत होतं, आणि तरी मी तुझ्यावर ढकललं. हिंदी धड येईना, अर्धं मराठीत सांगितलं. त्याला सगळं समजलं असणार, कारण मधे त्यानं एकदाही काय म्हणून विचारलं नाही. मी माफी मागितली.

"अच्छा," तो म्हणाला. "मग मी आता झोपतो, दीदी."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. निदान त्या दिवशी मी जेवले तरी असते.